फॉलो बॅक

३ जुलै २०२४
जुन्या फोटोंच्या पानावर २१२ जण झाले. मी फॉलो करते ३८ जणांना. ‘ताई, फॉलो बॅक?’ असे चार मेसेज पडून आहेत.

४ जुलै
टिटवाळा लोकल. कल्याणलाही बसायला मिळालं नाही. एका हातात कडी, दुसऱ्या हाताने निवड. प्लॉटवाला एजंट, नको. क्लासवाले सर, नको. शाळेत शेजारी बसायची ती, हो. ३९. ‘भावी नगरसेवक’ तीन. महापालिकेची मुदत २०२० लाच संपली, हे अजून भावीच.

५ जुलै
नवीन खातं. फोटो नाही, नावापुढे आठ आकडे, पोस्ट ०. पहाटे ४ ला माझे एकोणीस फोटो ओळीने लाइक केलेत. अंगावर काटा आला. ब्लॉक.

७ जुलै, रविवार
पाऊस. कसाऱ्याच्या बाजूला रुळांवर माती, गाड्या बंद. सुट्टी आहे म्हणून बरं.
चातुर्मास लागायच्या आत शेजारी लग्न. आईने आहेराची वही काढली. १९९४ पासूनची. कुणी स्टीलचा डबा दिला, कुणी ५१ रुपये. परत केलं की पुढे बरोबरची खूण. “कमी देऊ नये. फार जास्तही देऊ नये, समोरच्याला ओझं होतं.” मी फोनवर यादी उघडून बसले होते. तिने डोकावून विचारलं, “तुझ्या वहीत खुणा कुठायत?”

८ जुलै
ऑफिसातला एकजण सांगत होता: जो आठवड्यात परत फॉलो करत नाही, त्याला तो काढून टाकतो. इन्स्टाग्रामवर फार तर ७५०० लोकांना फॉलो करता येतं, म्हणून जागा वाया घालवायची नाही म्हणे. त्याचे सगळे मिळून ३००.
रात्री पाहिलं. मलाही काढलंय.

११ जुलै
बाबांच्या स्पिनिंग खात्याचा ग्रुप फोटो टाकला. त्यांची कंपनी, एनआरसी, नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडली तेव्हा मी नववीत. फोटोत तेराजण. बाबांना नऊ नावं आठवली. “बाकीची लिहील कुणीतरी.”

१२ जुलै
८४ लाइक. नाव एकही नाही.

१४ जुलै
मोहन्याच्या बाजारात बाबांना त्यांच्या खात्यातले एक काका भेटले. उरलेल्या चारांतली तीन नावं त्यांनी उभ्याउभ्या सांगितली. बाबांनी भाजीच्या पिशवीवर लिहून आणली.
मग म्हणाले, “तो विचारत होता, पोरीने पान बंद केलं का? आठवडाभर दिसत नाही. नातवाने मोबाइल घेऊन दिलाय. पहाटे झोप येत नाही, तेव्हा फोटो बघत बसायचा. पहिल्या पाळीची सवय, दुसरं काय.”
मी चहा टाकायला उठले. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१५ जुलै
ब्लॉक काढला. पण त्याने माणूस आपोआप परत येत नाही, त्यालाच पुन्हा फॉलो करावं लागतं. हे काकांना कोण सांगणार? नातवाला तरी कसं सांगू?

१७ जुलै, आषाढी
शहाडच्या बिर्ला मंदिरात ही रांग. रांगेतच काकांना फॉलो केलं. ४०. त्यांची पोस्ट अजून ०.
प्लॉटवाल्याचा मेसेज: ‘ताई?’

१९ जुलै
पहाटे ४ ला जाग आली. फोन पाहिला. काकांचं फॉलो आलेलं नाही.