अंगण खरंच वाकडं होतं

लाकडावरचं कोरीवकाम शिकायला आलेलं कुणी हत्याराबद्दल कुरकुरलं की माझं उत्तर तयार असे: नाचता येईना, अंगण वाकडं. आधी स्वस्तातलं घ्या, हात बसला की चांगल्याचं बघू. हे सांगताना मला बरंही वाटायचं. कारागिराचा तोरा होता त्यात. आज मी नेमकं उलट सांगतो. नवशिक्याचं हत्यार मुरलेल्या कारागिराच्या हत्यारापेक्षा चांगलं हवं.

मत फिरलं ते एका मुलीमुळे. पांगाऱ्याच्या तुकड्यावर ती पान कोरत होती आणि काठ सारखे फाटत होते. "सर, खोट माझ्या हाताची की पटाशीची?" मी तिच्याच पटाशीनं काप घेऊन दाखवला, बरा आला. ती म्हणाली, "पण तुम्ही हात तिरका केलात." केला होता खरा. धार तंतू कापत नाही, चिरडते आहे, हे मनगटाला कळलं होतं. त्यानं मला न विचारता पटाशी तिरपी ओढली, ढलपी पातळ केली. म्हणजे मी हत्याराची खोट झाकत होतो. तिला ती झाकता येत नव्हती, आणि खोट कुणाची हे ओळखायचं साधनही तिच्यापाशी नव्हतं.

त्यात लाकूड पांगाऱ्याचं. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं परंपरेनं ह्याचीच. मऊ म्हणून शिकायला सोपं, असं आपण धरून चालतो. पण मऊ लाकडाला धार जास्त लागते. सागाचे तंतू जराशा बोथट धारेपुढेही तग धरतात आणि कापले जातात. पांगाऱ्याचे आधी दबतात, मग तुटतात, आणि कापाची जागा कापसासारखी पिंजून निघते.

स्वस्त संचातल्या बारा पटाश्यांचं दुखणं बहुधा पोलादात असतं. धार लागते, पण चार कापांत दुमडते. धारेपासून थोडं आत कानस घासून बघावी: सहज खात गेली तर पोलाद नरम, घसरली तर कडक. (दुकानदार हे करू देणार नाही, तो भाग वेगळा.) गोल पटाशीची आतली बाजूही बघावी. तिथे घासल्याच्या खरखरीत रेघा असतील तर बाहेरून कितीही धार लावा, त्या रेघांचे दाते धारेपर्यंत येणारच.

बारा कशाला, चार पुरतात. शेफिल्डच्या जुन्या पद्धतीत गोल पटाशीचा नंबर रुंदी सांगत नाही, बाक सांगतो: 3 म्हणजे जवळपास सपाट, 9 म्हणजे अर्धगोल. तेव्हा 12 मिलिमीटरची 3 नंबर, त्याहून अरुंद 7 नंबर, 60 अंशांची एक व्ही पटाशी आणि आखूड पात्याची सुरी. ओळखीचा लोहार ट्रकच्या कमानपट्ट्यातून घडवून, नीट पाणी देऊन देत असेल तर परदेशी पेटीकडे बघूही नये. फक्त पुढे ग्राइंडरवर जपायचं. टोक निळं पडलं की पाणी उतरलं.

आणखी एक बदललं. पूर्वी मी पहिले धडे दगडावर धार लावण्याचे द्यायचो, लाकूड नंतर. आता पहिल्या दिवशी माझी धार लावलेली पटाशी हातात देतो. ज्यानं चांगला काप पाहिलेलाच नाही, तो दगडावर नेमकं काय शोधणार? तंतूंना आडवा काप घ्यायला लावतो आणि तुकडा उजेडाकडे तिरका धरायला सांगतो. काप चकाकला पाहिजे. त्यात एखादी पांढुरकी रेघ उमटली, तर धारेला तिथेच दाता पडलाय. मग दगड.