रोहिणीपूर्वीचा ताळेबंद

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी तुमसर रोड आणि तिरोडा मागे टाकून पुढे निघाली, की खिडकीबाहेर राइस मिलची धुराडी आणि टिनाची लांबलचक छपरे दिसू लागतात. गोंदिया आल्याची ती खूण. नोकरीच्या मधल्या काळात तीन वर्षे मी याच जिल्ह्यातील एका शाखेत होतो. गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुन्हा जाण्याचा योग आला आणि एक जुना हिशेब मनात जागा झाला.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या आणि गावोगावचे मालगुजारी तलाव शेते भिजवतात. गिरण्या अरवा आणि उसना तांदूळ काढून देशभर पाठवतात. जोडीला जंगलातील तेंदूपत्ता आहेच. मात्र या व्यापाराची एक अडचण पंचांगातच लिहिलेली आहे. उन्हाळी धान हाती येते मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात आणि वादळेही त्याच सुमारास. सकाळपासून रखरखीत ऊन, तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडे काळा ढग, मग धुळीचा लोट आणि अर्धा तास असा वारा, की समोरचे दिसू नये. समुद्र शेकडो कोस दूर, म्हणून वादळ ही कोकणची गोष्ट असे आपण मानतो. परंतु इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे, 875 क्रमांकाचा तिसरा भाग, त्यात नागपूरसाठी सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर वेग धरलेला आहे. विदर्भातील वारा सौम्य नाही, हे अभियंत्यांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यांना ते बहुधा छप्पर गेल्यावर कळते.

लग्नानंतर मी एका जुन्या खातेदारांच्या मिलवर गेलो. विसेक वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी त्यांच्या गोदामाचे निम्मे छप्पर उडाले होते. पाठोपाठ आलेल्या पावसात धानाची थप्पी भिजली आणि चार दिवसांत पोत्यांतून कोंब डोकावू लागले. विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. तरीही दावा नामंजूर झाला. हप्त्यात थोडी सवलत मिळावी म्हणून वादळ, तुफान आणि पूर यांचे संरक्षण पॉलिसीतून आरंभीच वगळले होते. त्या काळी तसे वगळता येत असे. ती प्रत माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी रक्कम, मुदत आणि बँकेचे नाव एवढे तीनच रकाने पाहून ती फाइलला लावली होती. शेठजींनी मला शब्दाने दुखावले नाही. गावाकडचे एक शेत विकून त्यांनी बँकेचे देणे फेडले. "साहेब, आगीची भीती होती, आग लागली नाही, वारा आला," एवढेच ते म्हणाले. ते वाक्य निवृत्तीनंतरही माझ्यासोबत आहे.

या भेटीत त्यांच्या मुलाने मला नवे छप्पर दाखवले. त्याने सांगितलेली गोष्ट प्रत्येक गोदामवाल्याने ऐकावी अशी आहे. वारा छपराला दाबत नाही, तर वरून वाहताना त्याला वर ओढतो. आणि वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे असेल तर आत शिरलेली हवा खालूनही रेटते. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. पत्रा सुटतो तो बहुधा कडेपासून आणि कोपऱ्यापासून. म्हणून तेथे स्क्रू जवळजवळ हवेत, गंजलेले हुक आणि फाटलेले वॉशर बदललेले हवेत, आणि कैच्या भिंतीला नुसत्या टेकवलेल्या न राहता बोल्टने जखडलेल्या हव्यात. पत्र्यावर दगड-विटा ठेवण्याची आपली जुनी रीत तर घातकच. वादळात तोच दगड खाली माणसावर येतो. धुराड्याच्या ताण-तारा आणि छपरावरील सौर पॅनेलचे सांधे हेही त्याच तपासणीत येतात. अंगणातील पोती लाकडी फळ्यांवर रचून, ताडपत्रीवरून दोर आडवे-उभे घेऊन खाली बांधावे लागतात. कडेला विटा ठेवून भागत नाही.

मालाहून माणूस मोठा, हे वेगळे सांगणे नको. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे जुने झाड टिनाच्या शेडवर कोसळले आणि आश्रयाला थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. ढग दाटताच हमालांना शेडखाली नव्हे, पक्क्या खोलीत बोलवावे आणि शटर आधी बंद करावे, हा नियम या मिलच्या फाटकावरच लिहिलेला मी पाहिला.

आता कागदाकडे वळू. 1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्यापुढे 50 कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा' या पॉलिसी आल्या आहेत. वादळाचे संरक्षण त्यांत मुळातच आहे. तरीही तीन गोष्टी स्वतः वाचाव्यात. अंगणात उघड्यावर ठेवलेला माल पॉलिसीत स्पष्ट नमूद आहे का? विम्याची रक्कम हंगामातील सर्वाधिक साठ्याइतकी आहे का? माल 40 लाखांचा, विमा 30 लाखांचा आणि नुकसान 8 लाखांचे असेल, तर हाती 6 लाखच धरावेत, तेही पॉलिसीतील ठरावीक वजावट होण्यापूर्वी. या नव्या पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. आणि तिसरे, साठावहीची प्रत व गोदामाची तारीखवार छायाचित्रे मिलबाहेर कोठे ठेवली आहेत का? वही भिजली तर सर्वेक्षकापुढे मालाची साक्ष कोण देणार?

परतीच्या आदल्या दिवशी नवेगावबांधला गेलो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला तो विशाल तलाव मेमध्येही डोळे निववतो. तलाव बांधणाऱ्याला पाळीसोबत सांडवाही बांधावा लागतो. भरल्या तलावाचे जादा पाणी कोठून जाईल, याचा विचार तलाव कोरडा असतानाच करून ठेवावा लागतो. काठावर बसून मी शेठजींच्या मुलाला फोन केला आणि यंदाची पॉलिसी पाठवण्यास सांगितले. रात्री चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. रोहिणी नक्षत्र लागायला अजून सहा दिवस होते.