सचोटीचे पोषण

चीनमध्ये कांगशी बादशहाने एकसष्ट वर्षे राज्य केले आणि त्याचा नातू च्येनलुंग याने साठ वर्षे. आजोबा-नातवाच्या या दोन प्रदीर्घ राजवटींच्या मधोमध अवघ्या तेरा वर्षांची एक राजवट चिमटीत सापडल्यासारखी बसली आहे. १७२२ च्या डिसेंबरात सुरू होऊन १७३५ च्या ऑक्टोबरात संपलेली ही राजवट युंगचेंग बादशहाची. ग्रंथकारांची शाई बहुधा आजोबांच्या पराक्रमावर आणि नातवाच्या वैभवावर खर्च होते. मधल्या माणसाच्या वाट्याला ‘कठोर’ आणि ‘संशयी’ एवढी दोन विशेषणे येतात. ती खोटी नाहीत. परंतु तेवढ्यावर त्याची बोळवण करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आमची त्याच्याशी ओळख झाली ती निवृत्तीनंतर. जोनाथन स्पेन्स या इतिहासकाराचे, युंगचेंगच्या कारकिर्दीतील एका राजद्रोहाच्या खटल्यावरचे पुस्तक हाती आले आणि त्या वाटेने पुढचे वाचन होत गेले. खटला रंजक होता. पण उभी हयात राज्य सरकारच्या महसूल खात्यात काढलेल्या माणसाची नजर भलत्याच ठिकाणी अडकते. आमची अडकली ती एका आकड्यावर. लाखावर वस्तीच्या तालुक्याचा कारभार पाहणारा, वसुली, न्याय, तुरुंग, बंधारे, दुष्काळ हे सारे एकट्याच्या शिरावर वाहणारा जो अधिकारी, त्याचे वार्षिक वेतन पंचेचाळीस टेल चांदी. टेल म्हणजे आपल्या सव्वातीन तोळ्यांच्या आसपास. वर्षाकाठी दीडशे तोळेही चांदी नाही! आणि त्यातून त्याने स्वतःचे कुटुंब तर पोसायचेच, शिवाय सल्लागार कारकून, निरोपे, पाहुण्या वरिष्ठांची उठबस, हेही सांभाळायचे. कारण गोळा केलेला बहुतेक सारा सारा वर पाठवायचा आणि कचेरीच्या खर्चास म्हणून मागे जवळपास काहीच उरायचे नाही.

युंगचेंग गादीवर आला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. कांगशीचा चौथा मुलगा. वारसाच्या भांडणात राजपुत्रांचे तट पडले होते आणि त्याच्या राज्यारोहणाभोवती अफवा उठल्या त्या आजतागायत शमलेल्या नाहीत. त्यांतली प्रसिद्ध अशी की, मूळ मृत्युपत्रात ‘चौदाव्या मुलास’ असे होते आणि याने ‘दहा’च्या चिन्हाला एक-दोन फराटे जोडून त्याचे ‘चौथ्या मुलास’ करून घेतले. इतिहासकार हे मानत नाहीत. दरबारी लेखनात राजपुत्राच्या क्रमांकाआधी एक आदरवाचक अक्षर येत असे, त्यामुळे वाक्य जुळत नाही. शिवाय महत्त्वाचे कागद मांचू भाषेतही होत, तेथे हा फराटा चालणार कसा? दस्तऐवजांतील खाडाखोड पाहण्यात आमचे पुष्कळ आयुष्य गेले, आणि आम्हांस इतिहासकारांचे म्हणणे पटते. पण म्हणून त्याचे हात स्वच्छ होते असे नाही. विरोधी तटातील आठव्या आणि नवव्या भावाला त्याने अपमानास्पद नावे घ्यावयास लावली आणि १७२६ साली ते दोघेही कैदेत मेले.

गादीवर येताच त्याने पहिली गोष्ट केली ती हिशेबतपासणीची. १७२३ साली स्वतंत्र तपासणी कचेरी काढून ती आपल्या विश्वासातील तेराव्या भावाच्या, यिनश्यांगच्या, हाती दिली. केंद्रीय महसूल मंडळाच्या खजिन्यातच २५ लाख टेलांची तूट निघाली. प्रांतोप्रांतीच्या खजिन्यांत कागदावर चांदी होती आणि पेटीत नव्हती. तीन वर्षांत तूट भरून काढा, असा हुकूम सुटला. ज्यांनी पैसा खाल्ला त्यांची घरे जप्त झाली. बादशहाच्या एका भावाला देणे फेडण्यासाठी घरातील चीजवस्तू रस्त्यावर विकावयास मांडावी लागली, असे सांगतात.

येथवर जे झाले ते नवा धनी आला की कोठेही होते. नवा अधिकारी रुजू होतो, फायली मागवतो, दोन-चार निलंबने होतात, आणि वर्षभरात सारे पूर्वपदावर येते. युंगचेंगचे वेगळेपण पुढे आहे. ही तूट दरवेळी नव्याने का उत्पन्न होते, असे त्याने विचारले. आणि केवळ ‘माणसे लबाड आहेत’ या उत्तरावर तो थांबला नाही.

शेतकरी सारा भरीत ते चांदीच्या बारीकसारीक तुकड्यांनी. ते वितळवून लगडी करताना काही चांदी घटते. ती घट भरून काढण्यासाठी साऱ्यावर थोडी अधिक चांदी घ्यायची, असा रिवाज होता. आपल्या जुन्या दप्तरांत नाण्यांच्या भरण्यावर ‘बट्टा’ लावीत, त्याच जातकुळीची ही गोष्ट. खरी घट शेकड्याला एक-दोन. वसुली मात्र कोठे वीस, कोठे तीस, कोठे त्याहूनही वर. या वरकड चांदीवर तालुक्याचा अधिकारी जगे. तीतूनच तो प्रांताधिकाऱ्यास सणासुदीची भेट पाठवी, तो राज्यपालास, राज्यपाल राजधानीतील मंडळास. कायद्याने या पैशाला अस्तित्वच नव्हते. आणि सारे राज्य त्यावर चाललेले होते.

आमच्या नोकरीच्या आरंभी एका तहसिलीत एक वृद्ध पटवारी होता. साहेबांचा मुक्काम डाकबंगल्यावर पडला की दूध, तूप, धान्य, कंदिलाचे रॉकेल, सारे त्याच्याकडून येई. त्याची स्वतःची दौऱ्याची बिले सहा-सहा महिने अडकून पडत आणि स्टेशनरीचा भत्ता एवढा की त्यात शाईची दौतही येऊ नये. हे सगळे कोठून आणता, असे आम्ही एकदा विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, सरकार पगार देते तो माझ्या पोटाचा. कचेरीच्या पोटाचा कोणी द्यायचा?” पुढे कधीतरी पाहणीत त्याच्याकडे काही रक्कम अधिक सापडली आणि तो घरी गेला. त्याचे दूध प्यालेल्यांपैकी कोणी घरी गेले नाही. पंचेचाळीस टेलांचा आकडा वाचताना आम्हांस तो आठवला, हे सांगावयास नकोच.

शान्सी प्रांताचा राज्यपाल नोमिन याने उपाय सुचविला. ही वरकड चांदी तालुक्यात न राहू देता सगळी प्रांताच्या खजिन्यात जमा करावी. तीतून आधी जुनी तूट भरावी, आणि उरलेली चांदी अधिकाऱ्यांना ठरलेल्या रकमेने उघडपणे वाटावी, तसेच पूल, रस्ते, बंधारे यांस द्यावी. दरबारी मंडळींनी नाके मुरडली. आजवर जे बेकायदा होते त्यास बादशहाची मोहोर लावायची? तसे केलेच तर निदान शान्सीपुरते करून पाहावे, अशीही सूचना आली. १७२४ च्या हुकमात बादशहाने तिला दिलेले उत्तर मोठे झणझणीत आहे. त्याचा आशय असा: गोष्ट योग्य असेल तर ती सर्वत्र करावी, अयोग्य असेल तर शान्सीवर तरी तिचा प्रयोग का? उगीच औषधे चाखवून रोगी बरा होत नसतो. आणि खरा मुद्दा त्याने पुढच्या वाक्यात मांडला: तालुक्याने वरकड चांदी ठेवून वरिष्ठांना पोसावे, त्यापेक्षा वरिष्ठांनी ती वाटून तालुक्याला का पोसू नये? प्रशासनावरील पुष्कळ जाडजूड अहवाल आम्ही कर्तव्य म्हणून वाचले आहेत. एवढ्या थोड्या शब्दांत भ्रष्टाचाराची दिशा उलटी फिरवून दाखविणारा दुसरा विचार आमच्या वाचनात नाही.

या नव्या भत्त्याला नाव पडले ‘यांगल्येन’, म्हणजे सचोटीचे पोषण. पंचेचाळीस टेलांच्या अधिकाऱ्यास आता तालुक्याच्या मानाप्रमाणे वर्षाला साधारण चारशेपासून दोन हजार टेलांपर्यंत मिळू लागले. राज्यपालांस दहा हजारांच्या पुढे. वरकड वसुलीचा दर बहुतेक प्रांतांत दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास ठरवून दिला गेला आणि भेटी बंद करण्याचे हुकूम निघाले. कौटिल्याने पाण्यातील मासा पाणी केव्हा पितो हे कळत नाही, असा दाखला अधिकाऱ्यांच्या संदर्भात दिला आहे. युंगचेंगने हेरही ठेवलेच. पण माशाला पाणी लागते हे आधी मान्य केले.

त्याच वर्षांत डोईपट्टी जमीनसाऱ्यात मिळविण्याचे काम सुरू झाले. माणशी कराचा एकूण आकडा कांगशीने १७१२ साली गोठवून ठेवलाच होता. आता तो जमिनीवर बसल्याने भूमिहीनाच्या मानेवरून उतरला. आणखी एक गोष्ट थोडक्यात टाळता येत नाही. शान्सीत आणि शेजारच्या प्रांतात वाजंत्री आणि नर्तकींची काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या ‘नीच’ म्हणून नोंदलेली होती. त्यांच्या पूर्वजांचा अपराध एवढाच की, १४०२ साली पुतण्याची गादी बळकावणाऱ्या मिंग काकाला त्यांनी विरोध केला, असे परंपरा सांगते. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या राजकारणाचा कलंक युंगचेंगने १७२३ साली नोंदवह्यांतून काढून टाकला. १७२९ मध्ये दक्षिणेकडील, होडीतच जन्मून होडीतच मरणाऱ्या लोकांना किनाऱ्यावर घर बांधण्याची मुभा मिळाली. नोंद पुसली तरी समाजाने पुसली नाही, हे खरे. १७७१ साली च्येनलुंगच्या नियमाने अशा घराण्यांस सरकारी परीक्षेला बसण्यासाठी चौथ्या पिढीपर्यंत थांबविले.

हे सारे चाले कसे? तर एका माणसाच्या डोळ्यांनी आणि बोटांनी. अधिकाऱ्यांनी थेट बादशहास गुप्त निवेदन पाठवावे, ही पद्धत कांगशीची. पण युंगचेंगने हा अधिकार हजारावर लोकांना दिला. निवेदन कुलूपबंद पेटीतून येई. एक किल्ली लिहिणाऱ्याकडे, दुसरी बादशहाकडे. रात्री दिव्याखाली बसून तो लाल शाईने शेरे मारी. कधी शाबासकी, कधी शिवीगाळ, कधी आईच्या मायेने प्रकृतीची चौकशी. एकदा तर, दिव्याखाली लिहिल्याने अक्षर वेडेवाकडे आले आहे, त्यावरून आपल्या प्रकृतीची काळजी करू नये, असे त्याने कळविले. गोपनीय अहवालांवर ‘सहमत’ एवढ्या एका शब्दाखेरीज काही न पाहिलेल्या आम्हांस हे वाचून हेवा वाटला, हे कबूल करतो.

पण अशा कारभाराची दुसरी बाजू लगेच दिसते. ज्याला सगळे कळावे असे वाटते, त्याला ऐकवायचे काय हे खालचे लोक ठरवू लागतात. हेनानचा त्येन वेनचिंग हा त्याचा लाडका, कडक आणि प्रामाणिक राज्यपाल. १७३० साली तेथे पूर आले, लोकांवर मुले विकण्याची पाळी आली. आणि वसुलीत कीर्ती मिळविलेल्या या गृहस्थाने ते लपविले. बादशहाने त्यालाच पाठीशी घातले.

आणि तो राजद्रोहाचा खटला. १७२८ च्या ऑक्टोबरात शिआनच्या सेनापतीला, बंड कर म्हणून सांगणारे पत्र आले. (पुढच्याच महिन्यात इकडे आमच्या माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांनी गिरिधरबहादुराचा पराभव केला; दोन्ही दरबारांना एकमेकांचा पत्ता नव्हता.) पत्राचा कर्ता हूनान प्रांतातला त्सेंग चिंग नावाचा सामान्य शिक्षक. बादशहा बापाला विष घालणारा, भावांचा काळ, लोभी आहे, असे आरोप त्यात होते. युंगचेंगने त्याला माफ केले आणि प्रत्येक आरोपाचे खंडन करणारे पुस्तक छापून राज्यभर वाटले! ज्यांनी अफवा ऐकल्या नव्हत्या त्यांनाही त्या अशा रीतीने सरकारी खर्चाने कळल्या. मात्र ज्याच्या लेखनाने त्सेंग बहकला, त्या १६८३ सालीच वारलेल्या पंडिताचे प्रेत उकरून त्याची विटंबना करविली. क्षमा आणि क्रौर्य यांचा हा हिशेब आम्हांस जमविता आलेला नाही.

८ ऑक्टोबर १७३५ रोजी तो अकस्मात वारला. च्येनलुंगने काही महिन्यांतच त्सेंग चिंगला ठार मारविले आणि बापाचे पुस्तक परत मागवून त्यावर बंदी घातली. सचोटीचा भत्ता त्याने चालू ठेवला. पण प्रांतांच्या हाती सोपविलेल्या त्या पैशाचा बारीकसारीक हिशेब हळूहळू राजधानीतील मंडळ मागू लागले. भाव वाढले, वस्ती वाढली, भत्ता होता तेथेच राहिला, आणि पुढे तर दंड म्हणून तोच कापण्याची प्रथा पडली. ठरलेल्या वरकड वसुलीवर नवी वरकड वसुली बसली आणि सणाच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या. मूळ वेतनाला मात्र कोणी हात लावला नाही. एकोणिसाव्या शतकातही ते पंचेचाळीस टेलच होते.