गडी उठला!

आषाढातला पाऊस कोलशेतला एकदा झडीने लागला, म्हणजे खाडी कोठे संपली आणि आभाळ कोठे सुरू झाले, हे कळेनासे होते. एरवी उंच इमारतीच्या खिडकीतून एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडीचे पाणी स्वच्छ दिसते. त्या रविवारी मात्र खिडकीबाहेर एक करडा पडदा तेवढा लोंबत होता. आवारात रोज रंगणारी कबड्डी पाण्याखाली गेली होती, आणि म्हणून चार मुले अकराव्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाभोवती जमली होती.

त्यांतल्या एकाला पाऊस असला काय अन् नसला काय, सारखेच होते. तीन आठवड्यांपूर्वी चढाई करून परतताना तो मध्यरेषेपाशी पडला, उजवा हात अंगाखाली आला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते, आणि शाळेच्या संघाचे सामने येत्या शनिवारी होते. हात आता दुखत नाही, प्लास्टर लवकर काढून टाका, असा धोशा त्याने दोन दिवस घरात लावला होता. कोणी दाद देत नव्हते, आणि स्वारी रुसली होती.

टेबलावर चालला होता तो खेळ मोठा चमत्कारिक होता. त्याला ना पट, ना सोंगट्या. एक मुलगा सूत्रधार. डोंगर, गुहा, राक्षस सारे त्याच्या वहीत. बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेले. प्लास्टरवाला झाला होता योद्धा, त्याची धाकटी बहीण देवीची पुजारीण, तिसरा चोर. सूत्रधार प्रसंग सांगे, सोंगाडी आपण काय करणार ते सांगत, आणि ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे या खेळाचे नाव. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. तसले शेकडो खेळ त्यानंतर निघाले.

प्रत्येक सोंगाजवळ काही गुण असतात. त्यांना ‘हिट पॉइंट’ म्हणतात. घाव बसला की गुण कमी होतात. त्या दिवशी गुहेतल्या राक्षसाने सोटा हाणला आणि योद्ध्याचे गुण शून्यावर आले. योद्धा कोसळला! आता नियम असा, की पडलेल्याने आपल्या पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा अधिक पडले तर एक पाऊल जीवनाकडे, कमी पडले तर एक पाऊल मृत्यूकडे. तीन पावले ज्या दिशेने आधी पडतील, तिकडे निकाल. पहिला फासा सात. दुसरा चौदा. तिसरा चार. टेबलावर कोणी बोलेना.

“माझ्याजवळ एकच मंत्र उरलाय,” बहीण म्हणाली. “तो मी चोरासाठी राखून ठेवला होता.”

“अगं, मी मरतोय!”

तिने क्षणभर दादाकडे पाहिले, मग मंत्र खर्च केला. योद्धा उठला. पुढे राक्षस पडला, मंडळी गुहेत झोपली आणि सकाळी योद्धा ठणठणीत झाला. सारे गुण परत!

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आजोबा बसले होते. खाडीकाठच्या जुन्या गावठाणात त्यांचे बालपण गेलेले. तरुणपणी हुतूतूचे नावाजलेले गडी. त्याची खूण म्हणून एक डावा गुडघा उरलेला. पावसाळ्यात तो हमखास बोलतो.

“काय रे, एका रात्रीत बरा झाला तो?” आजोबांनी विचारले. “एवढा सोटा खाऊन?”

“नियमच आहे तसा, आजोबा. आणि तुमच्या हुतूतूत नाही का मेलेला गडी उठत?”

आजोबा हसले. पोराने बरोबर नेम धरला होता.

खरोखर, मरून उठण्याची ही विद्या मराठी मुलांना काही परकी नाही. कबड्डीत शिवलेला गडी ‘मरतो’, रेषेबाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या संघाने पलीकडचा एक गडी मारला, की ‘उठून’ पुन्हा मैदानात येतो. हा खेळ पूर्वी गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळला जाई. त्यांतल्या तीन रीतींची नावे प्रसिद्ध आहेत. ‘अमर’ पद्धतीत शिवलेला गडी बाहेर जातच नसे, विरुद्ध बाजूला गुण तेवढा मिळे. ‘गामिनी’त एकदा गेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. आणि ‘संजीवनी’त एकाच्या बदल्यात एक गडी उठे. नावेच पाहा कशी बोलकी आहेत! आजच्या कबड्डीने संजीवनी पत्करली आहे, पण तीही मोजूनमापून. जो आधी मेला तो आधी उठतो. लाडक्या गड्याला पुढे काढता येत नाही. बोनस गुण मिळाला तर धावसंख्या वाढते, पण त्या गुणाने कोणी उठत नाही. सगळा संघ मेला, तर समोरच्याला ‘लोण’ म्हणून दोन गुण जादा, आणि मगच साऱ्यांना नवा जन्म.

त्याहून लहान मुलांचे विषामृत तर याहूनही सोपे. ज्याच्यावर राज्य, त्याने शिवून ‘विष’ म्हटले, की जागच्या जागी थिजायचे. कितीही बळ असो, स्वतःहून सुटता येत नाही. एखादा मोकळा सवंगडी धाडस करून जवळ येतो, शिवतो, ‘अमृत’ म्हणतो, तेव्हाच पाय सुटतात. अमृत द्यायला येणारा स्वतःच विषाच्या तावडीत सापडण्याचा संभव असतो. खेळाची सारी गंमत तेथेच आहे.

टेबलावरच्या खेळाचा जन्मही अशाच एका अडचणीतून झाला. आर्नेसन आपल्या मित्रांसह असे खेळ प्रथम खेळू लागला, तेव्हा एका घावात सोंग मरे. पण मित्रांचा आपापल्या सोंगावर जीव जडलेला. ते इतक्या स्वस्तात मरावे, हे कोणाला रुचेना. समुद्रावरच्या लढायांच्या खेळात जहाज किती मारा सोसून बुडेल, हे गुणांनी मोजण्याची रीत आर्नेसनला ठाऊक होती. तीच त्याने माणसाला लावली. म्हणजे हे गुण मुळात जहाजाचे आहेत, माणसाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जहाजाला कळ येत नाही, आणि गुण एकावर आला तरी योद्धा पहिल्याच जोमाने तलवार फिरवतो! ना लंगडणे, ना कण्हणे.

हे सर्वांनाच पटले असे नाही. 1978 साली निघालेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात हाताचे, पायाचे, डोक्याचे गुण वेगवेगळे मांडले गेले. पायाला घाव बसला तर पायच निकामी. ‘कॉल ऑफ कथुलू’ या 1981 सालच्या खेळाने आणखी पुढचे पाऊल टाकले. भयंकर काही पाहिले तर शरीराला ओरखडाही न उठता मनाचे गुण कमी होतात, आणि ते सहजासहजी भरून येत नाहीत. मनालाही जखम होते, ही गोष्ट खेळाच्या पुस्तकाने नियम म्हणून मांडावी, याचे कौतुक वाटते.

आणि बरे होणे? 1974 च्या मूळ नियमांत ते फार सावकाश होते. मंत्र नसेल तर संपूर्ण विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच मिळत नसे. पुढे एका दिवसाआड एक गुण. 2014 च्या आवृत्तीत मात्र आठ तासांच्या विश्रांतीत सारे गुण परत मिळू लागले. का, ते उघड आहे. अंथरुणावर पडून राहण्याची गोष्ट कोणाला ऐकायची असते? कथेला पुढे जायचे असते. मेलेल्यालाही उठवता येते, पण तेथे पुस्तक कंजूष होते. त्या मंत्राला मौल्यवान हिरा लागतो, आणि तो हिरा मंत्राबरोबर नाहीसा होतो.

आपल्या पुराणकथांनाही ही किंमत ठाऊक होती. शुक्राचार्यांजवळ संजीवनी विद्या होती. ती मिळवायला आलेल्या कचाला असुरांनी पुन्हा पुन्हा मारले, आणि देवयानीच्या शब्दासाठी शुक्राचार्यांनी त्याला पुन्हा पुन्हा उठवले. शेवटी कचाला ती विद्या मिळाली, पण देवयानीच्या शापामुळे त्याला स्वतःला तिचा उपयोग उरला नाही. तो ती दुसऱ्याला शिकवू शकत होता, एवढेच. याच्या उलट अश्वत्थामा. त्याला मरण नाही, आणि त्याची जखमही भरत नाही. जखमेसाठी तेल मागत तो अजून हिंडतो, असे आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या. अशी कथा ऐकल्यावर मुले क्षणभर आपापल्या कपाळाला हात लावून पाहतात.

टेबलाकडे परत यावयाचे, तर योद्ध्याला ठणठणीत झालेला पाहून प्लास्टरवाल्याचा रुसवा वाढलाच होता. आजोबांनी त्याला जवळ बोलावले. धोतर किंचित वर सारून त्यांनी आपला गुडघा दाखवला.

“हा बघ. वीस वर्षांचा होतो. पकड करताना पिरगळला. पंधरा दिवसांनी दुखणे थांबले. मला वाटले, झाले बरे. गावात सामने होते. उतरलो मैदानात.”

“मग?”

“मग काय? सामना जिंकलो. त्यानंतर एकही खेळलो नाही.”

मुलगा बराच वेळ त्या गुडघ्याकडे पाहत राहिला. मोडलेल्या हाडाचे काम असेच गुपचूप चालते. आधी मोडलेल्या जागी रक्त साकळते, मग काही दिवसांत दोन टोकांना धरून ठेवणारा मऊ सांधा तयार होतो, मग हळूहळू तो कठीण होतो. दुखणे थांबते ते पुष्कळदा अर्ध्या वाटेवर. तेव्हा हाड जुळत आलेले असते, पण झटका सोसण्याजोगे झालेले नसते. प्लास्टर निघाल्यावरही आतली घडण कित्येक महिने चालू राहते. येथे फासा टाकायला कोणी नाही, आणि एकाच्या बदल्यात एक, असाही हिशेब नाही.

शनिवारी तो मैदानात गेला, आणि रेषेबाहेर बसला. मेलेला गडी बसतो तेथेच. फरक इतकाच, की याला कोणी उठवणार नव्हते. संघ हरला. घरी आल्यावर तो कोणाशी बोलला नाही. प्लास्टरची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढली नाही.

पुढच्या रविवारी पाऊस तसाच होता. सूत्रधाराने वही उघडली, तेव्हा योद्ध्याने हात वर केला, अर्थात डावा.

“माझा योद्धा बरा झालेला नाही,” तो म्हणाला. “त्या सोट्याने त्याचा उजवा हात मोडलाय.”

“पण तो रात्री झोपला की!” चोर म्हणाला.

सूत्रधार पुस्तक चाळू लागला. 2014 च्या त्या पुस्तकमालेतच एक पर्यायी नियम सापडला. ज्यांना जखमा चिवट हव्या असतील, त्यांनी एका रात्रीची झोप ही छोटी विश्रांती धरावी. पुरी विश्रांती सात दिवसांची. मुलांनी त्यावर थोडी घासाघीस केली आणि हातासाठी सहा आठवडे ठरवले. चोर कुरकुरला, त्याला खजिन्याची घाई होती.

“मग तलवार कोण धरणार?”

“मीच. डाव्या हाताने. फाशातून चार वजा करा.”

“आणि ढाल मी धरीन,” बहीण म्हणाली.

योद्ध्याने डाव्या हाताने फासा टाकला. तो हाताला वळला नाही, टेबलावरून घरंगळत खाली गेला आणि आजोबांच्या खुर्चीखाली जाऊन थांबला. आजोबा वाकू लागले, पण गुडघ्याने नकार दिला. तेव्हा पुजारीणबाई स्वतःच टेबलाखाली शिरल्या.

“हलवू नकोस गं! आधी किती पडलेत ते सांग!”

“सोळा!” खुर्चीखालून आवाज आला. “चार वजा, म्हणजे बारा!”