म्हशीच्या पाच जोड्या

गुणसूत्रांच्या कामात नवखा विद्यार्थी आधी एकूण संख्या विचारतो. मी त्याला भुजा मोजायला सांगते. उदाहरणासाठी आरे कॉलनीच्या तबेल्यातली म्हैस पुरते. गाईची गुणसूत्रं 60, या म्हशीची 50. पण लिंगगुणसूत्रं वगळली तर गाईची बाकी सगळी एकेका भुजेची असतात आणि म्हशीच्या पाच जोड्या दोन-दोन भुजांच्या. गुणसूत्रांवरचे पट्टे जुळवले की या प्रत्येक जोडीत गाईची दोन वेगवेगळी गुणसूत्रं सांधलेली सापडतात. पहिल्या जोडीत गाईचं 1 आणि 27 क्रमांकाचं. भुजा दोघींच्याही 58.

हे दिसायला स्लाइड उत्तम हवी. कोल्चिसिननं विभाजन थांबवायचं, पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवायच्या, मग थेंब काचेवर सोडायचा. जुलैच्या दमट हवेत थेंब सावकाश वाळतो आणि गुणसूत्रं जास्त पसरतात, म्हणून पावसाळ्यात मी हात बदलते. नंतर ट्रिप्सिनचा हलका स्पर्श आणि गिम्साचा रंग दिला की पट्टे उमटतात. सस्तन प्रजातींमधलं नातं या पट्ट्यांतून कळतं.

नुसता आकडा किती फसवतो, हे भेकर दाखवतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भेकरं आहेत. भारतीय भेकराच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रं, नरात 7. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची नाहीत. 1970 साली हे जाहीर झालं. त्याच्या चिनी भावंडाची मात्र 46, म्हणजे माणसाइतकीच! तरी ते भेकराचंच सख्खं. पूर्वजांची गुणसूत्रं एकापुढे एक जोडली जाऊन भारतीय भेकराची लांबलचक गुणसूत्रं बनली. माणसातही तेच घडलं: चिंपांझीत वेगळी असलेली दोन गुणसूत्रं आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात एकत्र आली आहेत, म्हणून त्याची 48 आणि आपली 46.

म्हशीचा हा सांधा मला माणसांच्या अहवालांतही भेटतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या एखाद्या जोडप्यात एकाची गुणसूत्रं 45 निघतात. बहुधा 13 आणि 14 क्रमांकांची जोडलेली. आकडा पाहून घरचे हादरतात. पण त्या माणसाजवळ आवश्यक जनुकं पूर्ण असतात, तो निरोगी असतो. अडचण पुढच्या पिढीला वाटणी करताना येते, आणि तेव्हाही निरोगी मूल होऊ शकतं. असा सांधा साधारण हजारात एका माणसात असतो. अहवाल हाती देताना हे समजावून सांगणं आपलं कामच आहे.