घोडी

बा गेला. त्याच्या पेटीत चाबूक निघाला. घोडीचा.

चाकणकडच्या घाटात गाडा सुटला की चार बैलांच्या पुढं घोडी पळायची. तिच्यावर माझा बा. घाट म्हंजे शर्यतीची चढाची वाट. काही सेकंदांचा खेळ. गाडा मालकाचा, बैल मालकाचे, घोडी मालकाची. भोंग्यावर नाव मालकाचं. बाचं फक्त मरण. पडला तर बैल अंगावरून जाणार.

एकदा पहिला नंबर आला. मालकाला फेटा. बाला ओट्याखाली चहा, वेगळ्या कपात. त्याच साली बाचं लग्न. नवरदेव घोडीवरून वेशीत आला तर त्याच लोकांनी खाली उतरवला. "घाटात घोडीवर चालतो, मग वरातीत का चालत नाय?" बानं विचारलं. कुणी बोललं नाही.

त्यांचा बैल मेला की ओढायला महार. बाबासाहेबांनी सोडा म्हटलं, आज्ज्यानं सोडलं. 1958 च्या कायद्यानं महारवतनही गेलं. पण वेस तशीच राहिली. लग्नानंतर बानं गाव सोडलं, पिंपरीला कारखान्यात लागला. हजेरीपटावर पहिल्यांदा त्याचं स्वतःचं नाव आलं. घाटाकडं तो परत फिरकला नाही.

2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती थांबवल्या, 2021 ला परवानगी दिली, 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. बैलांच्या वेदनेवर कोर्ट बसलं. बसायलाच पाहिजे, मुकं जनावर आहे ते. पण दोस्तांनो, बाला तोंड होतं. त्यानं विचारलंही होतं. त्याची तारीख कुठल्या कोर्टात लागली?

चाबूक मी ठेवलाय. भिंतीवर टांगला नाही.