चांदोली : एका दिवसाचा प्रवास

सहलीचा विषय निघाला की आपल्या सांगली-मिरजेकडची कुटुंबे महाबळेश्वर किंवा पन्हाळा गाठतात. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीत एक राष्ट्रीय उद्यान आहे, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. चांदोलीला 1985 साली अभयारण्याचा आणि 2004 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे 317 चौरस किलोमीटरचे हे जंगल आणि शेजारचे कोयना अभयारण्य मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत चांदोलीही आहे.

मिरजेहून एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरच्या वर भरते. एका दिवसात जाऊन यायचे, तर लवकर निघणे भाग असते. जानेवारीतल्या एका रविवारी फजरची नमाज पढून आम्ही निघालो. गाडी हे चालवत होते. मागे मी, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा, आणि पुढच्या सीटवर मामा. मामा आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई. त्यांचे मूळ गाव आज उद्यानाच्या हद्दीत आहे. तरुणपणी गाव सोडले, त्यानंतर ते तिकडे गेले नव्हते. "बाई, एकदा लांबून जरी दिसलं तरी पुरे," एवढेच ते म्हणाले होते.

आष्टा, इस्लामपूर मागे पडले. पेठ नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. महामार्ग ओलांडून शिराळ्याकडे वळलो आणि डोंगर जवळ येऊ लागले. उसाची शेते लहान झाली, भाताची मोकळी खाचरे दिसू लागली. कोकरूडनंतर रस्ता वारणेच्या काठाकाठाने जातो. वारणावतीला मातीचे मोठे धरण आहे आणि त्यामागे पसरलेला वसंतसागर जलाशय. त्याची साठवण चौतीस टीएमसीच्या आसपास. मुले पाणी पाहून हरखली. मामा मात्र बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खालची गावं पाण्यानं घेतली. वरची आमची, जंगलानं."

परवाना काढून, वाटाड्या सोबत घेऊन आत शिरलो. जवळच्याच गावातला तरुण होता. कच्चा रस्ता, दाट सावली, आणि शहरात कधी न मिळणारी शांतता. गव्यांचा कळप दिसला नाही, पण ओल्या मातीत त्यांचे खूर उमटलेले होते. शेकरू दिसले, राज्यप्राणी म्हणून पुस्तकात असते तेच. या फांदीवरून त्या फांदीवर त्याने घेतलेली झेप मुलगा दिवसभर हातवारे करून सांगत होता. झाडांची नावे वाटाड्याच्या आधी मामाच सांगत. अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, हेही त्यांनीच मुलांना सांगितले.

झोळंबीच्या सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तिथून डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसतात. मामांनी एका खोऱ्याकडे बोट केले. घरे नव्हती, फक्त हिरवे रान. "ते आंबे दिसतात ना, ते आमच्या गावाचे." खाली जाता येईल का, असे त्यांनी वाटाड्याला विचारले. ती वाट पर्यटकांना बंद होती. मामांनी पुन्हा विचारले नाही.

परतताना मुलाने रस्त्यावर पडलेला हिरडा उचलून खिशात टाकला. जंगलातले काही बाहेर नेता येत नाही, असे वाटाड्याने समजावले. मुलगा हिरमुसला. मामांनी त्याच्या हातून हिरडा घेतला आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवला. "आम्ही पोती भरभरून विकायचो याची," ते म्हणाले, "आता रानाचं रानात राहू दे."

बाहेर येऊन मुसाफिर म्हणून जोहरची कसर नमाज पढलो आणि डबे उघडले. मुलीने विचारले, "अम्मी, जंगल वाचलं ते चांगलं झालं ना? मग मामांचं वाईट का झालं?" मी तिला नदीचा रस्ता दाखवला. हीच वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. कृष्णेचे पाणी मिरजेत आपल्या नळाला येते. वाटेत पाहिलेल्या उसालाही याच नद्यांचे पाणी. जंगल राहिले म्हणून नदी राहते, हे खरे. त्यासाठी कुणीतरी घर, शेत आणि कब्रस्तान-स्मशानाची जागासुद्धा सोडली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायच्या.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. 'वतन' हा शब्द दोन्हींत आहे. मराठीत वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन किंवा हक्क. उर्दूत वतन म्हणजे आपला मुलूख. मामांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच खोऱ्यात होते. पुनर्वसन वसाहतीत त्यांना घर मिळाले, जमीनही मिळाली, पण वतन मिळाले नाही. हा धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातून इतका नीट शिकवता आला नसता.

भगिनींनो, चांदोलीला जरूर जा. पावसाळ्यात उद्यान बंद असते, म्हणून हिवाळा किंवा उन्हाळ्याची सुरुवात निवडा. उजेडातच आत जाऊन बाहेर या. जेवण घरून न्या, प्लास्टिक परत आणा, मुलांना आवाज न करायला आधीच सांगून ठेवा. आणि ओळखीत असे कुणी थोर माणूस असेल, ज्याचे गाव धरणात किंवा जंगलात गेले, तर गाडीतली एक जागा त्याच्यासाठी ठेवा. मगरिबनंतर मिरजेत पोहोचलो तेव्हा मुले झोपली होती. मामा मात्र अजून आपल्या गावातल्या विहिरीबद्दल बोलत होते.